पांढऱ्या गणवेशाचा जमाखर्च

बारावीचा निकाल लागला म्हणजे व्यापारी कुटुंबांत चर्चेला जे पर्याय निघतात, त्यांची यादी गेल्या कित्येक वर्षांत फारशी बदललेली नाही. मुलगा वाणिज्य शाखेचा असेल तर सी.ए., नाहीतर पदवी घेऊन पेढीवर. विज्ञान शाखेचा असेल तर अभियांत्रिकी किंवा फार्मसी. मुलीच्या बाबतीत यादी थोडी लांबते. पण तिच्या प्रत्येक ओळीपुढे ‘स्थळ पाहताना अडचण यायला नको’ हा शेरा न लिहिताही वाचला जातो. या यादीत परिचारिकेचा व्यवसाय सहसा नसतो. तो नाकारला जातो असेही म्हणता येत नाही; नाकारण्यासाठी आधी त्याचा विचार तरी व्हावा लागतो.

सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, तीन पिढ्या भुसार मालाची अडत चालवणाऱ्या एका घरात मात्र तो विचार करावा लागला. घरची मुलगी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. ‘नीट’ परीक्षा तिने घरच्यांच्या शब्दाखातर दिली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळेल एवढे गुण पडले नाहीत. वडिलांनी खासगी महाविद्यालयांच्या शुल्काची चौकशी केली, आयुर्वेदाचा पर्याय सुचवला, ‘एक वर्ष थांब, पुन्हा परीक्षा दे’ असेही सांगून पाहिले. मुलीने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की तिला बी.एस्सी. नर्सिंगचा अर्ज भरायचा आहे. डॉक्टर होता आले नाही म्हणून नव्हे. दोन वर्षांपूर्वीच ठरले होते म्हणून.

दोन वर्षांपूर्वी तिच्या आजोबांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते अकरा महिने अंथरुणाला खिळून होते. सकाळ-संध्याकाळ एक सिस्टर घरी येत. शासकीय रुग्णालयातून अधिपरिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. मधल्या वेळात नातीने काय करायचे ते त्यांनी तिला शिकवले. दर दोन तासांनी आजोबांची कूस बदलायची. टाचा, माकडहाड, खांदे येथील त्वचा रोज उजेडात पाहायची. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबायचा आणि तो क्षणभर पांढरा पडतो की तसाच राहतो ते पाहायचे. नाकातल्या नळीतून अन्न देताना उशाकडची बाजू उंच ठेवायची आणि दिल्यावर अर्धा तास आडवे करायचे नाही. किती पाजले, किती लघवी झाली, कोणत्या वेळी कोणत्या कुशीवर वळवले, हे सारे एका वहीत लिहायचे. पेढीवरच्या रोजमेळासारखी ती वही रोज पूर्ण होत असे. अकरा महिन्यांत आजोबांच्या पाठीला एकही व्रण झाला नाही. डॉक्टरांनी त्याबद्दल मुलीच्या वडिलांचे अभिनंदन केले. वडिलांनी सिस्टरांना निरोप देताना साडी आणि पाकीट दिले, आणि तो विषय घरापुरता संपला असे सर्वांना वाटले.

आता तोच विषय सायंकाळच्या जेवणानंतर बैठकीत निघाला. आईने आधी विचारले, ‘‘रात्रपाळी असते ना गं? आणि जेवणाचं काय?’’ वडील म्हणाले, ‘‘घरातल्या माणसाचं करणं वेगळं आणि परक्यांचं करणं वेगळं.’’ मोठ्या काकांनी व्यवहाराचा मुद्दा काढला. ‘‘चार वर्षं शिकून हातात येणार किती? आपल्याकडच्या हमालाला हंगामात त्याहून जास्त सुटतात.’’

मुलगी म्हणाली, ‘‘काका, आपल्या दवाखान्यात सिस्टरांना किती देता?’’

काका गावातील एका धर्मादाय रुग्णालयाचे विश्वस्त आहेत. तेथील परिचारिकांनी तेरा हजारांचे पंधरा हजार करण्याची विनंती केली होती आणि मागील अंदाजपत्रकाच्या बैठकीत ती ‘पुढील वर्षी पाहू’ या शेऱ्यासह बाजूला ठेवली गेली होती. त्याच बैठकीत दर्शनी भागाच्या संगमरवरासाठी रक्कम मंजूर झाली होती. ‘‘अगं, ते वेगळं,’’ काका म्हणाले. ते वेगळे कसे, हे त्यांना त्या रात्री सांगता आले नाही. आजी एवढा वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या उठून आत गेल्या.

परिचारिकेच्या व्यवसायाला पैसा नाही, हे विधान अर्धे खरे आहे, आणि व्यापाऱ्याने अर्ध्या खऱ्या विधानावर सौदा करू नये. केंद्र शासनाच्या रुग्णालयांत सातव्या वेतन आयोगाप्रमाणे नर्सिंग ऑफिसर या पदाचे प्रारंभीचे मूळ वेतन दरमहा ४४,९०० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे आणि परिचारिकांसाठीचा स्वतंत्र भत्ता. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. बँकेत किंवा कचेरीत नव्याने लागलेल्या पदवीधराच्या तुलनेत हे आकडे लाज वाटण्याजोगे नाहीत. परंतु शासकीय जागा मर्यादित असतात, त्यांच्या जाहिराती वर्षानुवर्षे रखडतात, आणि बहुसंख्य मुलींची सुरुवात खासगी रुग्णालयांत होते. तेथे तालुक्याच्या गावी मिळणारे वेतन शासकीय वेतनाच्या निम्म्यालाही पोहोचत नाही.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या याचिकेवर न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाला समिती नेमण्यास सांगितले. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात वेतन त्या राज्यातील शासकीय परिचारिकेइतके असावे, खाटा कमी होत जातील तशी थोडी घट चालेल, परंतु पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावे, अशी शिफारस समितीने केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. ती अमलात आणण्याचे काम राज्यांकडे गेले, आणि पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच राहिली.

मागणी मोठी असताना भाव पडलेला का, हा प्रश्न बाजारात वाढलेल्या माणसाला पडायला हवा. भारतात हजार लोकसंख्येमागे सुमारे दोन परिचारिका आहेत, आणि निदान तीन असाव्यात असे मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगभर ५९ लाख परिचारिका कमी असल्याचे नमूद आहे. तरीही येथे भाव चढत नाही, कारण लहान रुग्णालये नोंदणीकृत परिचारिकेच्या जागी सहा महिन्यांचा कसलासा कोर्स केलेली मुलगी ठेवून वेळ मारून नेतात. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली जातात, म्हणजे नोकरी सोडून जाण्याची वाटच बंद. रुग्णाच्या बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ अशी स्वतंत्र ओळ असते; त्या ओळीतली एका दिवसाची रक्कम आणि त्याच वॉर्डातील परिचारिकेचे एका दिवसाचे वेतन शेजारी-शेजारी मांडून पाहण्याची तसदी विश्वस्त मंडळांनीही सहसा घेतलेली नसते. आणि या सर्वांवर ‘ही तर सेवा आहे’ हे वाक्य. डॉक्टरांच्या शुल्काविषयी बोलताना ते वाक्य आठवत नाही. परिचारिकेने पाचशे रुपये वाढवून मागितले की आठवते.

आपल्या समाजाने रुग्णालयांना मनापासून दान दिले आहे. इमारत, एक्स-रे यंत्र, डायलिसिसचा विभाग, रुग्णवाहिका यांवर दात्यांची नावे कोरलेली दिसतात. परिचारिकांच्या वसतिगृहासाठी किंवा त्यांच्या वेतनासाठी कायम ठेव ठेवणारा दाता विरळा. यंत्राला पाटी लावता येते, पगाराला लावता येत नाही, एवढेच कारण असावे.

श्रीमंत घरातील मुलीने रुग्णांची शुश्रूषा करावी की नाही, हा वाद काही आजचा नाही. १२ मे १८२० रोजी जन्मलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे घराणे इंग्लंडमधील जमीनदारांचे होते. मुलीने परिचारिका होण्याची इच्छा सांगितली तेव्हा आई व बहीण यांनी मोठा विरोध केला. त्या काळी रुग्णालयातील शुश्रूषा हे गरीब, अशिक्षित बायकांचे काम समजले जाई. पुढे जर्मनीतील कायझर्सव्हर्थ येथे त्यांनी प्रशिक्षण घेतले आणि अखेर वडिलांनी त्यांना वर्षाला पाचशे पौंडांची नेमणूक करून दिली. ती नेमणूक नसती तर पुढचे काही घडले असते का, कोण जाणे. १८५४ मध्ये त्या अडतीस परिचारिकांसह क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांसाठी तुर्कस्तानातील स्कुटारी येथे गेल्या. हातात दिवा घेऊन रात्री फिरणारी बाई म्हणून त्यांचे चित्र सर्वांनी पाहिलेले असते. त्यांचे दुसरे काम व्यापारी वाचकाला अधिक जवळचे वाटावे: त्यांनी मृत्यूंचा हिशेब ठेवला. सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, अतिसार, टायफस अशा रोगांनी अधिक संख्येने मरतात, हे त्यांनी महिनावार आकडे आणि रंगीत आकृत्या मांडून सरकारला दाखवले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेने १८५८ मध्ये त्यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी शुश्रूषेची शाळा काढली आणि या कामाला शिक्षणाची बैठक मिळाली.

महाराष्ट्रातही हा मार्ग सुखाने तयार झाला नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले आणि विधवा स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेच्या शिक्षणासाठी पाठवले, तेव्हा पुण्यातल्या प्रतिष्ठितांना ते रुचले नव्हते. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून लीलाबाई ठाकरसी यांच्या नावाने चालते. ठाकरसी हे कापडगिरण्यांचे व्यापारी घराणे.

आता शिक्षणाविषयी. सहाय्यक परिचारिका प्रसाविका, म्हणजे ए.एन.एम., हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी आवश्यक असून राज्यात सामाईक प्रवेश परीक्षेतून प्रवेश होतो. पुढे एम.एस्सी., अध्यापन, अतिदक्षता विभागातील विशेष शिक्षण असे रस्ते आहेत. पदविका घेतलेल्यांना नंतर दोन वर्षांत पदवी करता येते. मुलगेही हा अभ्यासक्रम करतात; वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी एवढे तपासावे की संस्थेला भारतीय परिचर्या परिषद व महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता आहे, आणि पदवी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता आहे. गावोगावी ‘नर्सिंग’ची पाटी लावून प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांची ती प्रमाणपत्रे नोंदणीसाठी चालत नाहीत. नोंदणी नसलेली परिचारिका ही परवाना नसलेल्या दुकानासारखी. उलाढाल होते, पण कधी बंद पडेल याचा भरवसा नाही. महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय किती खाटांचे आहे आणि त्या खाटांवर रुग्ण असतात का, हेही डोळ्यांनी पाहून यावे.

शुल्काचा भार शासकीय महाविद्यालयात अगदी हलका असतो. खासगीत तो वर्षाला लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो. व्यापारी घरे मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढणे कमीपणाचे समजतात आणि लग्नासाठी ठेवी मोडतात. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळण्याची सोय पतहमी योजनेत आहे, परतफेड साधारणतः शिक्षण संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते, आणि जुन्या करप्रणालीत व्याजावर कलम ८०-ई खाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. हप्ता मुलीच्या स्वतःच्या खात्यातून जाऊ लागला म्हणजे आपल्या कमाईची किंमत तिला जशी कळते, तशी ती घरालाही कळते.

परंतु पगार आणि शुल्क हा हिशेबाचा सोपा भाग झाला. हे काम माणसाला समाधान देते का, याचे उत्तर आकड्यांत मिळत नाही. बाहेरच्या माणसाला परिचारिका म्हणजे इंजेक्शन देणारी, सलाईन लावणारी व्यक्ती वाटते. वस्तुतः डॉक्टर दिवसातून एक-दोनदा राउंडला येतात. उरलेला सारा वेळ रुग्णावर नजर असते ती परिचारिकेची. श्वासाची गती मिनिटाला अठरावरून अठ्ठावीस झाली, बोलणारा माणूस किंचित असंबद्ध बोलू लागला, लघवीचे प्रमाण उतरले, अशा बारीक खुणा संकटाच्या काही तास आधी दिसू लागतात. त्या ज्या नजरेला दिसतात, ती तयार व्हायला वर्षे लागतात. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला ‘ओव्हर’ देते, म्हणजे खाटेखाटेशी उभे राहून प्रत्येक रुग्णाची हकिकत सांगते. त्यात एक वाक्य राहून गेले तर रात्री त्याची किंमत रुग्ण मोजतो.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या तीस दिवसांत मृत्यू होण्याच्या शक्यतेत ७ टक्क्यांची वाढ आढळली, आणि त्याच एका जादा रुग्णामागे परिचारिका मनाने थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे तिचे थकणे आणि रुग्णाचे दगावणे यांच्यामागे एकच कारण उभे असते. अतिदक्षता विभागात एका रुग्णाला एक परिचारिका असावी असा दंडक आहे. सर्वसाधारण वॉर्डात रात्री एका सिस्टरच्या वाट्याला वीस-तीस रुग्ण आलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे गणित समजावून सांगावे लागत नाही. कामावर असमाधानी असलेल्या परिचारिका बहुतेक वेळा कामाला कंटाळलेल्या नसतात. जे काम कसे करायचे ते ठाऊक आहे, ते तसे करायला वेळ मिळत नाही, याने त्या खचतात.

शरीरालाही हे काम सोसावे लागते. रुग्ण उचलून कंबर धरते, तासन्‌तास उभे राहून पायांच्या शिरा फुगतात, वापरलेली सुई टोचण्याचा धोका असतो. पाळ्या फिरत्या असल्यामुळे झोपेचे वेळापत्रक बसत नाही आणि सणाचा दिवस पुष्कळदा वॉर्डातच जातो. रुग्ण दगावला की नातेवाइकांचा राग पहिल्याने समोर दिसणाऱ्या सिस्टरवर निघतो. महाराष्ट्रात २०१० पासून अशा हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा असून हा गुन्हा अजामीनपात्र आहे, तरी प्रसंग घडतच राहतात. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये तेथील एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा उठल्या नाहीत. परिचारिकेच्या व्यवसायाला नकार देणाऱ्या पालकांच्या मनात हे नाव असते, आणि ते चुकीचेही नाही. त्याच घटनेची दुसरी बाजू मात्र सांगितली जात नाही. पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी अरुणा गेल्या तोपर्यंत, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ज्यांनी त्यांना चालता-बोलताना कधी पाहिलेही नव्हते, अशा पुढच्या पिढीतल्या मुलीही त्यांत होत्या. इच्छामरणाचा प्रश्न न्यायालयात गेला तेव्हा मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला आणि त्यांच्या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली.

जैन घरातील मुलीपुढे आणखी काही प्रश्न असतात आणि ते टाळून चालणार नाही. दुपारची पाळी साधारणतः दोन ते नऊ. सूर्यास्तापूर्वी जेवायचे तर डबा आणि दहा-पंधरा मिनिटांची मोकळीक हवी, आणि ती दर दिवशी मिळेलच असे नाही. रुग्णाला नळीतून जे द्यायचे ते त्याच्या प्रकृतीवर ठरते. त्यात कधी अंडे असते. रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन हे औषध डुकराच्या आतड्यांपासून काढतात आणि ते द्यायचे की नाही हे परिचारिकेच्या मर्जीवर नसते. हे सारे आधी समजून घेऊन ज्या मुलीला नको वाटेल, तिने वेगळा मार्ग घ्यावा. त्यात कमीपणा नाही. मात्र तेच हेपॅरिन विकणारी औषधांची दुकाने समाजातील कित्येक घरे पिढीजात चालवतात आणि तेथे हा प्रश्न कोणी विचारीत नाही, याचीही नोंद व्हावी. रुग्णाची सेवा, वैयावृत्त्य, हे आपल्याकडे अंतरंग तपांत गणले आहे. साधू-साध्वींच्या आजारपणात ती करायला घरे पुढे येतात. परक्या माणसाच्या अंथरुणाशी तोच हात का आखडतो, याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्यापुरते द्यायचे आहे.

लग्नाचे म्हणावे तर दोन्ही प्रकारची स्थळे भेटतात. ‘रात्री बाहेर राहणारी मुलगी नको’ म्हणणारी असतात, आणि ‘बरेच झाले, सासऱ्यांना शुगर आहे, घरात बघणारे माणूस मिळेल’ असा हिशेब मांडणारीही असतात. दुसऱ्या प्रकारापासून अधिक सावध राहावे.

परदेशाचे आकर्षण खरे आहे. केरळच्या परिचारिकांनी आखातापासून युरोपपर्यंत नाव मिळवले, तेच दार आता इतरांनाही उघडते आहे. जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. मात्र जर्मन भाषा चांगली यावी लागते, अमेरिका किंवा इंग्लंडसाठी तेथील परीक्षा द्याव्या लागतात, आणि दलालाला लाखो रुपये देऊन कोणी जाऊ नये.

त्या घरी पुढे काय झाले, एवढे सांगायचे उरले. वडील आठ-दहा दिवस या विषयावर बोलले नाहीत. त्या दरम्यान पेढीवरचा एक हमाल छातीत दुखू लागल्याने शासकीय रुग्णालयात दाखल झाला आणि ते रात्री नऊच्या सुमारास त्याला भेटायला गेले. पाळी बदलत होती. चाळीसेक खाटांच्या वॉर्डात दोन सिस्टर होत्या. त्यांपैकी एकीने हमालाची सलाईन पाहिली, त्याच्या मुलाला खाटेवर बसल्याबद्दल रागावून उठवले, आणि जाता जाता त्याला दुसरी उशीही आणून दिली. वडील दाराशी बराच वेळ उभे राहिले. काम थोडे आटोपल्यावर त्यांनी तिला विचारले, किती वर्षे झाली? ‘‘एकोणीस.’’ पुन्हा हेच काम घ्याल का, असे त्यांनी विचारले तेव्हा तिने त्यांच्याकडे नीट पाहिले. ‘‘घरात मुलगी आहे का, शेठ?’’ त्यांनी मान हलवली. ‘‘काम वाईट नाही. माणसं कमी आहेत,’’ ती म्हणाली. तुमची मुलगी? ‘‘ती इंजिनियरिंगला आहे,’’ असे सांगून ती हसली आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारली म्हणून निघून गेली.

हे संभाषण त्यांनी घरी जसेच्या तसे सांगितले, शेवटच्या वाक्यासह. आईने पुन्हा रात्रपाळीचा प्रश्न काढला. या वेळी आजी बोलल्या. ‘‘तुझ्या सासऱ्यांना रात्री दोन वाजता कुशीवर कोण वळवत होतं?’’ आईने उत्तर दिले नाही. वडिलांनी अर्ज मुलीसमोर भरला आणि अट एकच घातली, की पहिली पसंती शासकीय महाविद्यालयाला द्यायची. तेथे रुग्ण जास्त, म्हणजे शिकणे जास्त. ही अट मुलीचीही होतीच.

मोठ्या काकांनी विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत परिचारिकांच्या वेतनाचा विषय स्वतःहून ठेवला. सभा दीड तास चालली. समितीच्या वीस हजारांच्या शिफारशीची प्रत त्यांनी सर्वांसमोर ठेवली होती. ती वाचून झाल्यावर कोशाध्यक्षांनी गंगाजळीची अडचण सांगितली. तेराचे सोळा हजार झाले. घरी आल्यावर काकांनी ते सांगितले तेव्हा पुतणीने आनंद व्यक्त केला, आणि मग विचारले, ‘‘संगमरवराचं काम सुरू झालं का?’’ काका म्हणाले, ‘‘ऑर्डर दिलेली आहे.’’ थोड्या वेळाने त्यांनी फोन उचलला आणि ठेकेदाराला दुसऱ्या दिवशी पेढीवर बोलावून घेतले.